डावी काडी

आमच्या घरात कुणाचंही डोकं दुखलं की निदान एकच, नंबर वाढला. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्यांना दुसरं काय सुचणार? आमची ठमी, एकोणीस वर्षांची, बास्केटबॉल खेळून आली की डोकं धरून बसायला लागली. ह्यांनी तिला नवा चष्मा करून दिला आणि विषय मिटवला. महिन्यापूर्वी खेळताना कुणाचं तरी कोपर तिच्या कानशिलावर लागलं होतं. साधं टेंगूळही आलं नव्हतं, त्यामुळे आम्ही ते विसरूनही गेलो.

पुढे रोज सकाळी उलट्या सुरू झाल्या. मग दुकानातल्या तक्त्यासमोर बसून ती म्हणाली, "बाबा, प्रत्येक अक्षर दोनदा दिसतंय."

"एकावर एक फुकट," हे म्हणाले.

ती हसली नाही. मी तिला तशीच उठवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि आम्हाला थेट मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथल्या सर्जन बाईंनी स्कॅन दाखवला. डाव्या कानशिलाच्या आत पाण्याची पिशवी, जन्मापासूनची. त्या कोपराच्या धक्क्याने पिशवीजवळची नाजूक शीर फुटली होती आणि महिनाभर रक्त थेंबथेंब साचत होतं. मेंदू एका बाजूला ढकलला गेला होता.

"आजच ऑपरेशन करायला हवं," बाई म्हणाल्या. "उद्याची खात्री मी देऊ शकत नाही."

कालच ही पोरगी बाथरूम अडवून बसली म्हणून मी तिच्यावर ओरडले होते.

"अशा मुलांचं त्या बाजूचं हाड कधीकधी जरा फुगीर असतं. कधी लक्षात आलं नाही?" बाईंनी विचारलं.

मी नाही म्हणणार, तेवढ्यात शेजारी हे मटकन खाली बसले.

ठमीला सहाव्या वर्षी चष्मा लागला. तेव्हापासून तिच्या प्रत्येक चष्म्याची डावी काडी हे गरम करून बाहेर वाकवत आलेत, नाहीतर ती रुतायची. "आमच्या पोरीला डावीकडे अक्कल जास्त," असं वर चिडवायचे. आम्ही सगळे हसायचो, ठमीसुद्धा.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी तिने चष्मा मागितला. मी तो हळूच बँडेजवरून चढवला.

"बाबा, रुततोय," ती म्हणाली. "वाकवा ना जरा."

ह्यांनी चष्मा हातात घेतला. डाव्या काडीला बोट लावलं, आणि तिच्यासमोरच हमसून हमसून रडायला लागले.