ड्रॅगनचा महिना

सकाळपासून रम्पाईनं घर उलटंपालटं केलं होतं. बटणांचा डबा झाला, गादीखालची जागा झाली. सेफ्टी पिन काही मिळेना. आज चंद्र ग्रहण घेऊनच उगवणार होता, आणि पोटुशीनं पोटावर पिन लावली नाही तर राहू बाळाला सोडत नाही. मागच्या खेपेला नवरा, विनाई, हसला म्हणून तिनं पिन काढून ठेवली होती. पंधरवड्यात बाळ गेलं.

"पी विनाई," तिनं नवऱ्याला आदरानं हाक मारली, "पिन तुम्हीच फेकलीत ना?"

"झगा घाल आधी, इस्त्री करून ठेवलाय," एवढं बोलून नवरा शाळेची दुर्बीण उचलून चालता झाला. धड हो नाही, धड नाही नाही!

तिनं झगा चढवला, पण जीव घरात ठरेना. शेजारच्या म्हाताऱ्या पा लमूनकडे, लमूनमावशीकडे, पिन मागावी म्हणून ती तरातरा विहाराच्या पटांगणात आली. राहूपुढं काळा भात, काळी कोंबडी मांडून झाली होती. म्हातारी राहूला पळवायला पातेलं घेऊन बडवायच्या तयारीत बसली होती. तांबूस चंद्र माडांवर आलासुद्धा.

विनाई माइकवर पोरांना सांगत होता. "आपला राहू, तोच पश्चिमेकडच्या जुन्या लोकांचा ड्रॅगन. चंद्राची वाट सूर्याची वाट दोन जागी ओलांडते, त्यातली एक जागा त्याचं डोकं, दुसरी शेपूट; ग्रहण लागतं ते तिथंच. चंद्र डोक्यापासून निघून परत डोक्याशी आला की ड्रॅगनचा महिना भरला. पण डोकं एका जागी राहील तर शपथ! ते मागं मागं सरकतं, म्हणून हा महिना चंद्राच्या पुऱ्या फेरीपेक्षा आखूड पडतो. राक्षस-बिक्षस कुणी नाही."

"मग भ्यायचं नाही ना, ख्रू?" एका पोरीनं मास्तरांना विचारलं.

"छे!" तो म्हणाला. नजर मात्र रम्पाईच्या पोटाकडे गेली.

पोटावरून फिरणारा रम्पाईचा हात थबकला. झग्याच्या आतून काहीतरी कडक लागत होतं. पिन! टोचू नये म्हणून टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवलेला. घरात पंक्चर काढणारा एकच माणूस होता. बाळ आपलं एकटीचंच गेलं, असं ती आजवर धरून बसली होती. तिचे डोळे भरून आले.

"पिन लावलीस का गं?" पा लमूननं विचारलं.

"लावलीय, पा."

"मास्तर हसेल की तुझा."

विनाई बोलायचा थांबून तिच्या हाताकडे बघत होता.

"हसू दे," रम्पाई म्हणाली.