अर्धी साक्ष

"शेवटी डॉक्टरांनीही हात टेकले," तोफ म्हणाली आणि ड्रायव्हरकाकांसाठी थांबली.

काका ते वाक्य तिथल्या भाषेत सांगू लागले. तरुणपणी त्यांनी तोफेच्या देशात काम केलं होतं, त्यामुळे ख्रिस्ती मिशनच्या कामासाठी आलेल्या या विद्यार्थ्यांची गाडीही तेच हाकायचे आणि दुभाषाचं कामही तेच करायचे. तोफ हे नाव मैत्रिणींनी ठेवलेलं. कॉलेजात वादविवादाचा चषक तिनं कधी दुसऱ्या कुणाच्या हाती लागू दिला नव्हता, आणि नाव ती खुशीत मिरवायची. इथं परदेशात बाकीच्यांनी भिंती रंगवाव्यात, मुलांना गाणी शिकवावीत. साक्ष द्यायची, म्हणजे देवाचा आपला अनुभव लोकांना सांगायचा, तो मात्र तिनंच. आई मरणाच्या दारातून कशी परत आली, देवानं हाक कशी ऐकली, हे ती असं सांगायची की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना धारा लागायच्या. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आपण छान बोलतो, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

काका बोलत असले की समोरच्यांचे चेहरे न्याहाळायचे, ही तिची सवय. इथं ऐकणारी खरं तर एकच होती, खाटेच्या कडेला बसलेली एक बाई. तिची शाळकरी मुलगी गेल्या महिन्यात तापानं गेली होती. तेव्हापासून बाईनं चुलीकडे पाहिलं नव्हतं. शेजारपाजारचे डबे येत आणि बरेचसे तसेच परत जात. नवरा गवंडी होता. बांधकामावर जायचं सोडून तो दारात उभा होता. हे सगळं काकांनी वाटेतच सांगितलं होतं, आणि चमूचे प्रमुख असलेले सर म्हणाले होते, "मग तर तुझी साक्ष हवीच. धीर येईल तिला." तोफेलाही ते पटलं होतं.

काकांचं बोलून झालं. बाईनं मान वर केली नाही. तिच्या मागे खुंटीला शाळेचा गणवेश अडकवलेला होता, इस्त्री केलेला.

पुढचं वाक्य तोफेच्या जिभेवर तयार होतं. 'पण देवानं आमची हाक ऐकली.' जिथं तिथं तिनं ते म्हटलं होतं. आज पहिल्यांदा बाईच्या कानांनी तिला ते ऐकू आलं. आमची ऐकली. मग हिची?

सरांनी भुवया उंचावल्या. काका वाट पाहत होते.

"मला भूक लागलीय," तोफ म्हणाली.

"काय?"

"भूक, काका. सांगा त्यांना."

"अगं, आत्ताच तर जेवून निघालो!" सर दबक्या आवाजात म्हणाले. ते खरंच होतं. तिथल्या चर्चच्या पाळकांच्या बायकोनं आग्रह करकरून वाढलं होतं आणि सरांनी स्वतः कमरेचा पट्टा सैल केला होता.

"मला परत लागली, सर."

काकांनी सांगितलं. नवऱ्यानं लगबगीनं टेबलावरचा शेजाऱ्यांचा डबा उचलला. तेव्हा बाई काहीतरी पुटपुटली.

"गार आहे म्हणते," काका म्हणाले.

बाई उठली. भिंतीला हात लावत आत गेली. जरा वेळानं चूल पेटल्याचा आवाज आला, मग कांदा चिरल्याचा. नवरा डबा हातात धरून तसाच उभा राहिला. त्यानं तोंड रस्त्याकडे फिरवलं आणि बाहीनं नाक पुसलं.

अंडी, बटाटे आणि पावाचे जाड तुकडे. तोफेच्या पोटात तीळभर जागा नव्हती, तरी तिनं ताट पुढ्यात ओढलं आणि खाली मान घालून जेवायला सुरुवात केली. बाई समोर बसून तिचा प्रत्येक घास पाहत होती. मध्येच तिनं काही विचारलं. काकांनी ते सांगायचं टाळलं.

"काय म्हणतायत?"

"जाऊ दे गं."

"सांगा ना, काका."

"तुझ्या आईचं पुढं काय झालं, विचारतेय."

खोटं बोलावं असं क्षणभर तोफेच्या मनात आलं. पण बाई थेट तिच्या डोळ्यांत बघत होती.

"बरी झाली," ती म्हणाली. एवढंच.

काकांनीही तेवढंच सांगितलं. बाईनं डोळे मिटले, उघडले आणि मान हलवली. मग तिनं आणखी एक प्रश्न विचारला, आणि या वेळी काकांनी लगेच सांगून टाकला.

"इथं आल्यापासून आईला फोन केलास का?"

तोफ कानापर्यंत लाल झाली. कॉलेजच्या ग्रुपवर रोज फोटो पडत होते. आईला मात्र पोहोचल्याचा मेसेज टाकला होता, तेवढाच. घरोघरी आईच्या नावानं लोकांना रडवलं, आणि तिच्याशी दोन शब्द बोलायला आपल्याला सवड झाली नव्हती. याची तिला मनापासून लाज वाटली.

"नाही," ती म्हणाली.

बाईनं तिच्या पिशवीकडे बोट दाखवलं. यात भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं. तोफेनं फोन काढला, लावला आणि दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. बाई खुर्ची सरकवून जवळ आली.

"हॅलो? अगं, कुठं आहेस तू? जेवलीस का?"

तोफेनं तोंड उघडलं, पण तिला हुंदका फुटला.

"जेवलीस का, विचारतेय," काकांनी बाईला हळूच सांगितलं.

बाई फोनवर वाकली. दूरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून आवाज चढवून, आपल्याच भाषेत, तिनं कळवून टाकलं की पोरगी जेवली.