साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळची खुर्ची

मित्रांनो, मी न्यायालयातली एक जुनी खुर्ची आहे. न्यायाधीशांची नव्हे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा गैरसमज नको. न्यायाधीशांच्या खुर्चीला उंच पाठ आणि मखमली गादी असते. माझी पाठ सरळ, बैठक वेताची आणि हात साधे. माझी जागा साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळची. पिंजरा म्हणजे कंबरेइतका उंच लाकडी कठडा. त्यात उभे राहून माणसे खरे सांगण्याची शपथ घेतात. पुढे काही जण ती पाळतात.

आपला देश नव्याने उभा राहिला, त्याच वर्षी माझा जन्म झाला. सुतार मोठा हसतमुख होता. माझे चारही पाय जमिनीला नीट टेकतात की नाही, हे तो पुन्हापुन्हा बसून पाहत असे. दर वेळी त्याची बायको विचारी, “खुर्ची करताय, की दमलायत?” मला न्यायालयात आणले, तेव्हा समोरच्या भिंतीवर रंगारी देशाचे वचन लिहीत होता: ‘येथे जन्माने कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही.’ ओला रंग ओघळू नये म्हणून तो श्वास रोखून एकेक अक्षर काढत होता. वचन मला आवडले. मात्र एखादी गोष्ट आवडणे वेगळे आणि ती खरी ठरणे वेगळे. तेव्हा मी ठरवले, की आपण पाहत राहावे.

पाहायला मला जागा उत्तम मिळाली होती. नियम असा होता, की साक्षीदाराने उभे राहायचे. पण कोणाला त्रास होत असेल, तर न्यायाधीशांच्या परवानगीने खुर्ची द्यायची. नियमात वाईट काही नव्हते. परवानगी कोणासाठी मागायची, हे मात्र शिपाईकाका ठरवत. त्यांची नजर आधी साक्षीदाराच्या पायांकडे जाई. चकचकीत बूट दिसले, की एरवी मी ठेवलेली असे त्या आतल्या खोलीतून ते मला उचलून आणत. न्यायाधीश मान हलवत आणि बूट विसावत. झिजलेल्या वहाणा आल्या, की मी आतच राही. डॉक्टर, अधिकारी, कारखानदार, पेढीवाले अशा सगळ्यांना मी बसवले. हमाल, मोलकरणी, गवंडी यांचे आवाज मात्र मला भिंतीपलीकडूनच ऐकू येत.

शिपाईकाका दुष्ट होते, असे समजू नका. रडणाऱ्या साक्षीदाराला ते खिशातली खडीसाखर देत आणि पाण्याचा पेला सर्वांना सारख्याच मायेने भरून देत. वहाणांना खुर्ची लागत असेल, हे त्यांच्या मनातच आले नव्हते. तसे ते कोणाच्याच मनात आले नव्हते. मी त्यांच्यावर रागावू शकले नाही, आणि आपल्या देशावरही नाही. माया मला दोघांचीही आहे. पण माया हा काही पुरावा नव्हे.

एके दिवशी धुलाई कारखान्यातल्या अपघाताची चौकशी आली. वाफेच्या टाकीवर एक झडप असते. आतला दाब वाढला, की ती आपोआप उघडते आणि वाफ बाहेर सोडते. काम थांबू नये म्हणून ती कोणीतरी तारेने बांधून टाकली होती. नळी फुटली आणि एका तरुण कामगार मुलीचा उजवा हात भाजला. मालक म्हणत, की झडप तिनेच बांधली. ती मालकांनी बांधायला लावली, हे एकाच माणसाने ऐकले होते: त्याच कारखान्यात इस्त्री करणाऱ्या तिच्या मावशीने. मावशीची उलटतपासणी पुरी झाली नसती, तर तिच्या साक्षीला किंमत उरली नसती आणि भाजलेल्या हाताचा दोष त्या मुलीच्याच माथी बसला असता.

सकाळी मालकांची साक्ष झाली. ते माझ्यावर बसले होते. दुपारी मावशी पिंजऱ्यात आली आणि सवयीप्रमाणे शिपाईकाकांनी मला आतल्या खोलीत नेऊन ठेवले. दार तेवढे उघडे राहिले, म्हणून पुढचे मी पाहू शकले.

मावशीचा जन्म ओल्या फरशीवर उभे राहण्यात गेला होता. तिचे गुडघे सुजलेले होते. मालकांच्या वकिलांच्या ते लवकर लक्षात आले असावे, कारण त्यांचे प्रश्न फार सावकाश येऊ लागले. टाकीचा रंग कोणता? भिंतीचा कोणता? तार नवी होती, की गंजलेली? मालक दाराच्या डाव्या बाजूला होते, की उजव्या? मावशी उत्तरे देत होती, पण कठड्यावरची तिची बोटे पांढरी पडत चालली होती. मागच्या बाकावर तिची भाची पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. मावशीने एकदा तिच्याकडे पाहिले आणि मग न्यायाधीशबाईंकडे वळून ती म्हणाली,

“मॅडम, मला जरा बसायला मिळेल का?”

इतक्या वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. शिपाईकाका घाईने कुजबुजले, “मावशी, साक्ष उभ्यानं द्यायची असते. कोर्टाचा मान असतो.”

“असं होय? मग सकाळी मालक बसले होते, तेव्हा तो मान कुठं गेला होता? चहाला?”

मागे कोणीतरी फिसकन हसले. वकील एक पाऊल पुढे आले. “मॅडम, माझ्या अशिलांना पाठीचा त्रास आहे.”

“मला गुडघ्यांचा आहे,” मावशी म्हणाली. “पाठ काय गुडघ्यांपेक्षा मोठ्या घरची असते का हो, वकीलसाहेब?”

आता टंकलेखकही हसला. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्या उघड्या दारातून माझ्याकडे पाहत होत्या.

“खुर्ची आत कोणी नेली?”

“मीच, मॅडम. मालकांचं झालं ना.”

“ती त्यांच्या घरची होती का?”

शिपाईकाका गोंधळले. “नाही मॅडम. सरकारी आहे.”

“मग आणा बाहेर.”

मावशी आधी माझ्या काठावर टेकली, अगदी परक्याच्या घरी बसावे तशी. मग हळूच तिने पाठ टेकली आणि एक लांब श्वास सोडला. “हं, वकीलसाहेब, विचारा आता निवांत. संध्याकाळपर्यंत बसते मी.”

वकिलांचे प्रश्न आश्चर्यकारक वेगाने संपले. चौकशीत मुलीला निर्दोष ठरवण्यात आले. हे माझ्यामुळे झाले, असा दावा मी करणार नाही. मावशी कदाचित उभ्यानेही टिकली असती. मी एवढेच सांगू शकते, की तिने तो प्रश्न विचारला, तेव्हा तिचे पाय थरथरत होते आणि शेवटच्या उत्तरापर्यंत ते थरथरणे थांबले होते.

न्यायाधीशबाईंनी त्याच दिवशी सांगितले, की यापुढे खुर्ची पिंजऱ्यातच राहील. शिपाईकाका रोज सकाळी मला तिथे ठेवू लागले. त्यांना इतका आनंद होई, की जणू ही कल्पना त्यांचीच! बूट बसले, वहाणा बसल्या, अनवाणी पायही बसले. देश आपले वचन पाळतो का, असे मला त्या वर्षांत कोणी विचारले असते, तर मी म्हटले असते: या दालनात, सध्या, होय.

पुढे न्यायाधीशबाईंची बदली झाली. शिपाईकाका निवृत्त झाले. झाडताना अडचण होते, म्हणून नव्या शिपायाने मला आत सरकवले. त्याच्या मनात काहीच वाईट नव्हते. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ साक्षीला आले आणि तो मला घेऊन आला. त्यांच्यानंतर एक म्हातारा माळी आला आणि मी पुन्हा आत गेले. समता कोणी मोडून टाकली नाही, मित्रांनो. ती फक्त कोणी सकाळी बाहेर आणून ठेवली नाही.

आता माझा एक हात खिळखिळा झाला आहे आणि वेत मधोमध फाटला आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या शिपाई होईल, कोणी न्यायाधीश, कोणी सुतार. तेव्हा माझे, किंवा माझ्यासारखीचे, एवढे काम करा. वेत नवा विणा, सांधा घट्ट बसवा. आणि रोज दालन उघडल्यावर, आज साक्ष कोणाची आहे हे विचारण्याआधी, मला पिंजऱ्यात नेऊन ठेवा.