शनिवारची जांभळी प्रभावळ

शनिवारी सकाळी जिन्यात पहिल्या मजल्यापासूनच चपला लागायच्या. आज त्यात महागडे बूटही होते. म्हणजे आता शिकलेली माणसंही यायला लागली, हे हेमाताईंनी ओळखलं. कोथरूडमधल्या त्यांच्या फ्लॅटचं हल्ली दर शनिवारी देऊळ होत होतं. टीव्हीवर त्यांच्या दिवंगत सासूबाईंचे फोटो एकामागून एक यायचे आणि बऱ्याच फोटोंत सासूबाईंच्या कपाळापासून खाली जांभळा रंग पसरलेला असायचा. तो दिसला की माणसं हात जोडायची.

"ही प्रभावळ," ऊर्जाचार्य वैजनाथ समजावत. "देह सुटला की आत्मा जांभळ्या फ्रिक्वेन्सीवर जातो. जिवंत माणसाला ती कदापि उमटत नाही. आणि दर शनिवारी ती वाढते आहे, हे आपण पाहताच आहात." दक्षिणा ऐच्छिक होती. क्यूआर कोड मात्र प्लॅस्टिकमध्ये घालून, टीव्हीला टेकवून ठेवलेला होता.

घरचे सगळे फोटो ज्या डब्यात होते, तो सर्व्हर हेमाताईंच्या मुलीनं, तनयानं बसवला होता. पण तनयाच्या कपाटात त्याआधीची एक जुनी डिस्क होती, तीत तेच फोटो होते. आचार्यांना ती खुपू लागली. एका आत्म्याला दोन घरं नकोत, पुढच्या शनिवारी ती मुठा नदीत सोडा, असं त्यांनी फर्मावलं. मुठेत आधीच काय कमी आहे, असं हेमाताई पुटपुटल्या. पण त्यांचे यजमान, दिगंबरराव, भरल्या डोळ्यांनी हो म्हणून बसले होते.

आमटीत गूळ किती, यावरून सासूबाईंशी हेमाताईंचं उभं आयुष्य वाजलं होतं. तरी तो चेहरा दर आठवड्याला थोडाथोडा पुसला जातोय, हे त्यांना बघवत नव्हतं. डिस्क नदीत गेली की तो कायमचा जाणार होता.

हेमाताईंनी शाळेत विज्ञान शिकवण्यात हयात घालवली होती. त्यांनी पहिल्यांदा एक साधी गोष्ट केली: सासूबाईंखेरीज बाकीचे फोटो उघडून पाहिले. ते आजवर कुणी पाहिलेच नव्हते. दिगंबररावांनी महापालिकेला पाठवण्यासाठी काढलेल्या रस्त्यातल्या खड्ड्यालाही झकास प्रभावळ आली होती. आचार्यांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, त्या खड्ड्यात कुणीतरी गेलं असणार. हे खोडून काढणं पुण्यात अवघड होतं.

तनयानं सर्व्हरमधल्या दोन्ही डिस्क तपासल्या. ठणठणीत. बिघाडाचा एकही संदेश नाही. विज्ञानानं हात टेकले, असं आचार्यांनी लगेच जाहीर केलं.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," हेमाताई लेकीला म्हणाल्या. तनयानं आईला एक युक्ती दाखवली. प्रत्येक फाइलवरून कॉम्प्युटर एक लांबलचक आकडा काढून देतो; फाइलमध्ये कणभर जरी फरक पडला तरी आकडा बदलतो. दोघींनी एकाच फोटोच्या ढीगभर प्रती काढल्या. काहींचे आकडे वेगळे आले. डिस्क बदलली, तरी तेच. वायर बदलली, तरी तेच. मग रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या, दोन पट्ट्यांपैकी एक काढून ठेवली, आणि सगळे आकडे जुळले. ती परत लावली की पुन्हा बिघडले. चोर सापडला होता.

शनिवारी ती पट्टी जागेवरच होती. हेमाताईंनी सगळ्यांसमोर आचार्यांचा फोटो काढला, सर्व्हरवर त्याच्या भरपूर प्रती काढल्या आणि टीव्हीवर लावल्या. थोड्याच वेळात एक आली: नाकापासून खाली जांभळी.

"आपल्याच सिद्धांतानुसार विचारते," हेमाताई म्हणाल्या, "आपण गेलात कधी?"

आधी मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. आचार्यांना धायरीतला कार्यक्रम आठवला. क्यूआर कोड काखेत मारून ते निघाले.

मग हेमाताईंनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. फाइलची प्रत काढताना ती रॅममधून जाते. तिथली एक जागा सदोष होती, तिथे एखादा अंक पालटायचा, आणि फोटोत तिथून खालचे रंग बिघडायचे. डबा कुरकुरला नाही, कारण मिळालं ते त्यानं इमानदारीनं लिहून ठेवलं. न कळलेल्या गोष्टीपुढे हात जोडण्याआधी ती पुन्हा करून पाहावी आणि दुसऱ्यावरही करून पाहावी. याला यंत्रांचं ज्ञान लागत नाही, थोडा धीर लागतो.

"पण शनिवारीच का?" दिगंबररावांनी विचारलं.

"अहो, दर शनिवारी सगळ्या फोटोंची नवी प्रत काढून जुनी पुसतं कोण? तुम्हीच. दरवेळी तेच फोटो पुन्हा त्याच पट्टीतून."

ते खाली बसले. "मला वाटलं, आई येते," एवढंच म्हणाले. हेमाताई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

तनयानं खराब पट्टी काढली आणि जुनी डिस्क जोडली. टीव्हीवर स्वच्छ फोटो आला. सासूबाई पाटावर बसलेल्या, पुढ्यात ताट, कपाळाला आठ्या, आणि नजर थेट फोटो काढणाऱ्या हेमाताईंवर. आमटी बिघडली होती, यात शंकाच नव्हती.

दिगंबररावांनी डोळे पुसले.

"ही आई," ते म्हणाले.