पालथं घमेलं

मी लोखंडी घमेलं बोलतोय. पालथा पडलोय, म्हणून आवाज दबका येईल. कान द्या.

छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानात कडुबा गवंड्यानं मला बोटानं वाजवून पाहिलं आणि बायकोच्या, चंपाबाईच्या, हाती दिलं. तेव्हापासून तिच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मी आणि माझ्यात कालवलेला माल. शहरातल्या कितीतरी इमारती आम्ही उंच केल्या. त्यातल्या एकीतही राहिलो नाही. तक्रार नाही. काम होतं, केलं.

लेक झाली, मेघा. तरी काम थांबलं नाही. चंपाबाई सावली बघून गोणपाट अंथरायची, लेकीला निजवायची आणि भोवती मुंग्यांच्या पांढऱ्या पावडरीचं रिंगण घालायची. बांधकामावरच्या साऱ्या बाया तेच करायच्या. ते रिंगण ओलांडून मुंगी कधी आत गेली नाही. मी साक्षी आहे.

पुढं कडुबाचे गुडघे गेले. दोघं फुलंब्रीजवळच्या आपल्या गावी परतली आणि मी न्हाणीमागं गंजत पडलो. बरीच वर्षं कुणी विचारलं नाही.

मेघाला नवऱ्यानं नांदवलं नाही. ती माहेरी आली ती मान ताठ ठेवून. म्हणाली, "बसून खाणार नाय. कोंबड्या पाळते." गावरान कोंबड्या वाढल्या, पण त्यांना बाजारचं खाद्य परवडेना. मग तिनं कुठंतरी शिकून काळ्या माशीच्या अळ्या आणल्या. ही माशी ताटावर बसत नाही. तिच्या अळ्या सडका भाजीपाला खातात, फुगतात आणि कोंबड्या त्यांच्यावर तुटून पडतात.

अळ्यांसाठी मेघानं मला घासून घेतलं. मी पुन्हा कामाला लागलो. पक्की अळी काळी पडते आणि कोरडी जागा शोधत बाहेर निघते. म्हणून मेघानं माझ्या काठाला उतरती फळी लावली. कोंबड्या फळीखाली वाट बघत बसायच्या.

शेजारची साळूबाई नाकाला पदर लावून यायची. "अगं मेघे, लोक म्हशी पाळतेत, तू आळ्या पाळती व्हय?"

"मावशी, म्हशीला गोठा लागतो. ह्यांना घमेलं पुरतं."

कडुबा ओट्यावरून म्हणायचा, "जल्मभर ह्या घमेल्यात मेलेला माल वाहिला. आता जिता माल आलाय!"

चंपाबाईनं आधी तोंड फिरवलं. मग तीच रोज सांजच्याला सालपटं घेऊन यायला लागली. "घ्या गं बायांनो, जेवा." कोंबड्या तुकतुकीत झाल्या. अंडी फुलंब्रीला जाऊ लागली. मेघा हसायला लागली, तेही बऱ्याच वर्षांनी.

उन्हाळ्यात मुंग्या आल्या. मेघा अंडी घेऊन बाजाराला गेली होती. चंपाबाईनं माझ्यात वाकून पाहिलं आणि तिचा जीव कळवळला. "अगं माय, लेकरांना मुंग्या खायल्यात!" ती घरात गेली, पावडरीचा डबा घेऊन आली आणि माझ्याभोवती रिंगण घातलं. जुन्या सवयीचा हात. कुठंही खंड नाही.

मी पत्र्याचा. मला ओरडता आलं नाही.

पक्क्या अळ्या फळीवरून उतरल्या, त्या पावडरीतूनच बाहेर गेल्या. कोंबड्यांनी नेहमीसारख्या टिपल्या.

मेघा परतली तेव्हा कोंबड्या माना टाकून पडल्या होत्या. एकही उठली नाही. तिनं रिंगण पाहिलं. चंपाबाई दाराला धरून उभी होती.

"मी तर तुझ्यासाठी घालायची, तेच घातलं गं."

मेघानं बाजारची रिकामी टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "व्हय आई. तेच घातलं."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

कडुबानं तसल्या गुडघ्यांनिशी खड्डा खणला. कोंबड्या माझ्यातूनच नेल्या. इतका जड माल मी कधी वाहिला नव्हता. अळ्याही पुरल्या. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून मला खड्ड्यावर पालथं घातलं.

मेघा शहरात कंपनीत कामाला गेली. तिथंच खोली घेऊन राहते. जाताना आईच्या पाया पडली, पण परत कधी येणार ते बोलली नाही.

चंपाबाई आता कुणाशी फारसं बोलत नाही. सांज झाली की सालपटं घेऊन येते, माझ्याजवळ उभी राहते आणि माझ्या पाठीवर ती ठेवून जाते. वाळतात. वारा नेतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आणते.

मेघा, कधी आलीस तर मला उताणं कर. अळ्या आण, नको आणूस, तुझी मर्जी. पण तुझी आई सालपटं घेऊन येते, आणि मला ती पोटात घेता येत नाहीत.