पाचवीचा कोरा कागद

सटवाई इथे कॅनबेरातल्या गुंगालिनला येणार कशी, हाच मला आधी प्रश्न पडला. विमानं बंद, सीमा बंद, शेजारची बाईसुद्धा कुंपणापलीकडूनच हात हलवते. पण नात जन्मली म्हटल्यावर पाचवी पुजायला नको? लेकीच्या बाळंतपणाला आले आणि करोनाने मला इथेच अडकवलं. निदान रीत तरी धड करू, म्हणून संध्याकाळी मी पाळण्याशी पाट मांडला.

तिकडे माझी सुखदा, ओली बाळंतीण, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. हिला म्हणे सरकारी नोकरी सोडून युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, पीएचडी करायचीय. विषय काय? जुन्या ओडिया कथांमधलं मुलींचं शिक्षण! रूममेट ओडिया होती, तिच्याकडून लिपी शिकली, तेव्हापासून हे वेड. अगं, आपण ओडिया नाही, तू राहतेस कॅनबेरात, पोर अजून डोळे नीट उघडत नाही! लोकांच्या नोकऱ्या पटापट चालल्यात आणि ही आपणहून पक्की नोकरी सोडते! उद्या युनीला होकार कळवायचा होता. जावई हृषीकेश म्हणतो, "नो वरीज आई, माझा पगार आहे ना." त्याचं काय जातंय! पोर सांभाळायला मीच लागणार, आणि मी साफ नाही म्हणून सांगितलं होतं.

मी काय शिक्षणाच्या विरुद्ध आहे? मीच तर हिला इंजिनियर केलं. मग मी नक्की कशाच्या विरुद्ध आहे, ते मलाच धड सांगता येईना. काळजी तर माझ्या पाचवीलाच पुजलेली.

पाटावर नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि सटवाईला बाळाचं नशीब लिहायला कागद-पेन. कागद कोरा ठेवायचा असतो. पण बाई पोचलीच नाही तर? म्हणून मीच एक ओळ लिहून टाकली: 'हिला पक्की नोकरी लाभो, आईसारखं खूळ न लागो.' जरा हलकं वाटलं.

"आई, माझ्या एका ओडिया गोष्टीत अस्संच आहे बघ," सुखदा पाटाकडे बघून म्हणाली. "घरातली थोरली आत्या भाचीच्या पाळण्याशी ताडपत्र आणि लोखंडी लेखणी ठेवते, देवीसाठी. पुढे मुलगी मोठी होते, तीच लेखणी उचलून अक्षरं गिरवायला लागते. तर आत्याच हिसकावून घेते. गावही ओरडतं, पोर शिकली तर घर बुडेल."

"मेली कैदाशीण!" मी भडकलेच. "देवीने लिहिलेलं चालतं आणि पोरीने हात लावला की बाटतं होय?"

"वाईट नव्हती गं ती. भाचीवर जीव होता तिचा. म्हणूनच घाबरायची."

बोलता बोलता ती बाळाचं पांघरूण सारखं करायला वाकली आणि तिला कागद दिसला. तिने तो वाचला. आता भांडणार, म्हणून मी पदर खोचला. पण ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"सटवाईची वाटसुद्धा पाहिली नाहीस, आई. तिच्या जागी तूच बसलीस."

मघाशी शिवी दिली ती कोणाला मग? राग आला होता, पण तिचा की माझा, ते कळेना. नोकरी गेली तर काय, ही भीती तर तशीच होती, अजूनही आहे. मी उगाच भीत होते का? तसंही वाटेना. नुसता गोंधळ.

शेवटी कागद फाडला आणि दुसरा, कोरा, ठेवला.

"कळव उद्या त्यांना," मी म्हणाले. "पोरीला मी बघते."

"आणि विमानं सुरू झाली की?"

"तेव्हाचं तेव्हा. डोकं खाऊ नकोस."

मग पाटावरचं पेन उचललं आणि सुखदाच्या हातात दिलं. आता सटवाई लिहिणार कशाने, ते काही मला सुचलं नाही.