दुसरा डोळा

जगदेवच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. अनसिंगमध्ये घरोघरी कामधंद्याची पाहणी चालू होती आणि आज त्याच्या गल्लीचा नंबर होता. देशात शंभर कामकऱ्यांत एकही कलाकार भरत नाही, असं त्याने मोबाइलवर ऐकलं, तेव्हापासून गड्याला चैन नव्हती. दोन एकर सोयाबीनपायी प्रत्येक कागदावर तो शेतकरीच. या खेपेला ‘कलाकार’ लिहून घ्यायचंच, असा त्याने हट्ट धरला होता.

महालक्ष्म्या बसायला चार दिवस उरले होते. गावातले जुने मुखवटे दरवर्षी रंगवायला त्याच्याकडेच येत. रंग, ओठ, कुंकू जगदेवचं; डोळे मात्र त्याच्या बायकोचे, पंचफुलाचे. लग्नाच्या वर्षी त्याने काढलेले डोळे तिरळे झाले, तिने गुपचूप पुसून नवे काढले, तेव्हापासूनची ही वाटणी. जगदेवच्या महालक्ष्म्या आपल्याकडं बघतात, असं लोक म्हणत. तो खुशाल मान डोलवी.

“अवो, एका जागी बसा ना,” पंचफुला म्हणाली. हातातल्या मुखवट्याचा एकच डोळा झाला होता. “धक्का लागन.”

इतक्यात पाहणीवाली रुचिका दारात आली. “काका, काम काय करता?”

“कलाकार! हे सारे मुखवटे माहेच. शेती लिहू नका.”

तिने लिहिलं. जगदेवची छाती फुगली.

“आणि काकू?”

“तिचं काय? घरीच रायते. घरकाम लिहा.”

रुचिका गेली. पंचफुलाने कुंचला धुतला, पुसला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

“मी घरकामाले चालली. दुसरा डोया तुमीच काढा.”

“अवं, हौसाबाई येऊन राह्यली मुखवटा न्यायले!”

“मंग? कलाकार तं तुमीच.”

जगदेव मुखवट्यापुढे बसला. कुंचला गालाशी नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. आपण काय बोलून बसलो हे कळलं तशी त्याला स्वतःचीच लाज वाटली. कुंचला ठेवून तो अनवाणीच धावत सुटला आणि चौथ्या घरी रुचिकाला गाठलं.

“मॅडम, खोडा ते. मी शेतकरीच. कलाकार थे हाय, पंचफुला.”

तिने दुरुस्ती केली. तो धापा टाकत परतला, तर ओसरीवर हौसाबाई येऊन बसलेली. त्याने चुलीपाशी जाऊन पंचफुलाला सारं सांगितलं.

ती हात पुसून उठली, मुखवटा मांडीवर घेतला.

“मले वेळ लागते,” ती म्हणाली. “तवर हौसाबाईले चहा मांडा.”

जगदेव साखरेचा डबा शोधू लागला.